आरोग्य शिबिरांत झोपेचीही विचारपूस व्हावी

महोदय,

नाशिकमधील ज्येष्ठ नागरिक संघांत होणाऱ्या आरोग्य शिबिरांमध्ये रक्तदाब, साखर, डोळे यांची तपासणी नेमाने होते. परंतु रात्री झोप कशी लागते, हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नाही. ‘वय झाले की झोप कमी होणारच’ असे आपण धरून चालतो आणि ते निम्मेच खरे आहे. वयानुसार गाढ झोपेचा वाटा घटतो आणि वारंवार जाग येते, हे खरे. झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही सात ते आठ तासांची झोप योग्य मानली जाते.

हा प्रश्न केवळ थकव्याचा नाही. दिवसभरात कळलेल्या गोष्टी मेंदूत पक्क्या बसण्यासाठी गाढ झोपेची मोठी मदत होते. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या बदलांमुळेही झोप बिघडू शकते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता याचा पूर्ण निवाडा झालेला नाही. तरीही, बिघडलेली झोप दोन्ही अर्थांनी डॉक्टरांच्या कानावर घालण्याजोगी गोष्ट ठरते.

प्रत्यक्षात आपण काय करतो? शेजाऱ्याने सुचवलेली ‘झोपेची अर्धी गोळी’ सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालूच राहते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते. हा नियम उगाच नाही. डायझेपामसारखी औषधे वृद्ध शरीरातून सावकाश बाहेर पडतात. सकाळी सुस्ती राहते, तोल जातो, विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढतो, आणि घरचे त्याला ‘म्हातारपण’ म्हणतात. मात्र जे अशा गोळ्या घेत आहेत त्यांनी त्या एकदम थांबवू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्यात. दीर्घकाळच्या निद्रानाशावर सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती आधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच केली आहे. रोज ठरलेल्या वेळी उठणे आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडणे, हा तिचा गाभा. त्याला जोड म्हणून वामकुक्षी अर्ध्या तासात आटोपावी, संध्याकाळचा चहा टाळावा आणि सकाळच्या उन्हात फिरावे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाणाऱ्यांना हे निम्मे साधलेलेच आहे. रात्री साडेआठला आडवे होणाऱ्याला पहाटे तीनला जाग आली, तर तो निद्रानाश नसून झोपेची वेळ पुढे नेण्याची गरज असते, हेही कोणीतरी समजावून सांगायला हवे.

घोरण्याकडे तर आपण चेष्टेचा विषय म्हणूनच पाहतो. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडखळत असेल, तर रक्तातील प्राणवायू घटतो आणि गाढ झोप सतत मोडते. यावर यंत्राच्या साहाय्याने उपचार होऊ शकतो, पण आधी निदान व्हायला हवे.

काही गोष्टी ज्येष्ठांच्या हातात नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. लग्नसराईत लॉन्सवरील डीजे दहानंतरही वाजत राहिला, तर हलकी झोप असलेल्या वृद्धाची ती रात्र वाया जाते. पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता अशा ठिकाणी गस्त ठेवावी.

महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला आणि ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती आहे की, पुढील शिबिरांपासून झोपेचे तास, घोरणे, दिवसाची झापड, चालू गोळ्या आणि विसरभोळेपणा यांची विचारपूस अर्जातच समाविष्ट करावी, आणि ती करताना सोबत आलेल्या पती-पत्नीला किंवा सुनेलाही विचारावे. कारण आपण घोरतो किंवा झोपेत आपला श्वास अडखळतो, हे ज्याचे त्याला ठाऊक नसते.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड, नाशिक