अण्णांना, मेसा व्हर्देच्या भिंतींबद्दल

डेन्व्हर

ती. अण्णा व ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोटो मिळाले असतील. अण्णा, तुम्ही फोनवर लगेच विचारलंत, "भिंत कशात बांधलीय रे?" तेव्हा लाइन तुटली. म्हणून आता सावकाश लिहितो.

वुल्फ क्रीकचा घाट उतरून, डुरँगोवरून आम्ही मेसा व्हर्देला गेलो. कोलोरॅडोच्या नैऋत्य टोकाचं हे मोठं पठार, मधूनच जमीन तुटते आणि खाली खोल दरी. त्या कड्यांमध्ये, पुढे आलेल्या खडकाच्या पोटात, इथल्या मूळ रहिवासी पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी घरं बांधली. अशा जागा सहाशेच्या आसपास आहेत. सगळ्यात मोठी 'क्लिफ पॅलेस', तिथे सुमारे दीडशे खोल्या. अजिंठ्यासारखं कोरीव काम नाही हे, एकेक दगड रचून उभं केलंय, तेही बहुतेक तेराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते तेव्हा.

आता तुमची भिंत. दगड वालुकाश्म, मऊसर. लोखंड त्यांच्याकडे नव्हतं, नदीतल्या कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून दगडाला तोंड काढलंय. गारा माती, पाणी आणि राख यांचा. दोन थरांमधल्या गाऱ्यात बोटाएवढ्या कपच्या दाबून बसवल्यात, म्हणजे सांधा खचत नाही. एके ठिकाणी मी अगदी जवळ वाकून पाहिलं, तर वाळलेल्या गाऱ्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे. कुणीतरी कपची दाबली आणि हात तसाच पुढे गेला. मी तिथून हलेना, शेवटी चिनूने ओढून नेलं. एक चौकोनी बुरूज चार मजली आहे. खिडकीतून मान आत घालून वर पाहिलं, तर गिलाव्यावर तांबड्या रंगाची नक्षी अजून दिसते.

जागा निवडण्यातली अक्कल तुम्हाला फार आवडेल. वरचा वालुकाश्म पाणी पितो, खालचा शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या खडकाचा, थर ते अडवतो. पाणी तिथे पाझरून बाहेर येतं, थंडीत गोठून खडक फोडतं आणि वर्षानुवर्षांत कपार तयार होते. म्हणजे ज्या पाझराने छप्पर दिलं, त्याच पाझरावर प्यायचं पाणी. बऱ्याच कपारींची तोंडं दक्षिण-नैऋत्येला, त्यामुळे हिवाळ्यात तिरपं ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात सावली राहते. शेती वर पठारावर: मका, घेवडा, भोपळा. तिथे जायला कड्यात हातापायाची बोटं रुततील एवढ्याच खोबण्या. आई, बायका पाठीवर पोर घेऊन त्या चढत असतील, असं मनात आलं आणि पोटात गोळा आला.

घरांच्या मधून जमिनीखाली गोल खोल्या आहेत, त्यांना किवा म्हणतात. छपरातल्या भोकातून शिडीने उतरायचं. मधोमध चूल, बाजूने हवा येण्याची वाट, आणि वारा थेट विस्तवावर येऊ नये म्हणून मध्ये छोटी आडभिंत. जमिनीत एक लहानसं छिद्र असतं, पूर्वज ज्या वाटेने या जगात आले तिची ती खूण.

१२७६ पासून जवळपास पंचवीस वर्षं दुष्काळ पडला. लाकूडफाटा, जमीन, भांडणं, अशी इतरही कारणं सांगतात. १३०० च्या सुमारास सगळे दक्षिणेकडे निघून गेले. इथे अनेक जण "ते लोक नाहीसे झाले" असं बोलतात, त्याचा मला फार राग येतो. होपी, झुनी, आकोमा ही त्यांचीच माणसं, आज नांदती आहेत. १८९१ मध्ये नॉर्डेन्स्क्योल्ड नावाच्या स्वीडिश तरुणाने इथे उकरून वस्तूंबरोबर माणसांचे सांगाडेही नेले, ते फिनलंडच्या संग्रहालयात पडून होते. या पुएब्लो लोकांनी पाठपुरावा केला, आणि २०२० मध्ये वीस जणांचे अवशेष परत आणून मेसा व्हर्देतच पुन्हा मातीत ठेवले.

म्हणून पुढे न्यू मेक्सिकोत आकोमाला मुद्दाम गेलो. साडेतीनशे फुटांहून उंच सुळक्यासारख्या पठारावर गाव आहे. नळ नाही, वीज नाही, पावसाचं पाणी खडकातल्या टाक्यांत साठतं. माळ्यावर जायला बाहेरून लाकडी शिड्या. गाव दाखवणारी बाई तिथलीच, आणि किवाजवळ आल्यावर तिने सगळ्यांना कॅमेरे खाली ठेवायला लावले. ते मला फार बरं वाटलं. दारात मडकी विकणाऱ्या एका आजींनी सांगितलं की जुन्या फुटक्या खापऱ्या कुटून त्या नव्या मातीत मिसळतात, म्हणजे भांडं भाजताना तडकत नाही. त्यांच्याकडून आईसाठी एक छोटं मडकं घेतलंय, पांढऱ्यावर काळ्या बारीक रेघांचं. दिवाळीत येताना हातातल्या बॅगेतून आणीन.

अण्णा, एक कळवा. वाड्याच्या डागडुजीला तुम्ही चुन्यात गूळ आणि हिरडा घालायचात. मग यांनी मातीत राख कशासाठी घातली असेल? गारा लवकर आवळायला, की भेगा पडू नयेत म्हणून? आईला विचारून गुडघ्याच्या तेलाचं नावही लिहा, इथे शोधतो.

तुमचा,
बाळू