सेवा गटाच्या सदस्यांसाठी सूचना : गरिबांचा जागतिक दिन

शाळेच्या सेवा गटातील सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या रविवारी, म्हणजेच गरिबांच्या जागतिक दिनी, आपण सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) वृद्धाश्रमात जाणार आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये हा दिवस जाहीर केला आणि २०१७ पासून तो पाळला जातो. आपण तिथे का जात आहोत हे बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे : गरजूंसाठी जे केले, ते येशूसाठीच केले. तो प्रत्येकाने आदल्या दिवशी वाचावा.

१. मिस्सा संपताच चर्चच्या दाराशी गणवेशात जमावे. पालकांचे संमतिपत्र शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे. त्याशिवाय कोणालाही नेता येणार नाही.

२. मोबाइल घरीच ठेवावा. तेथील कोणाचेही छायाचित्र काढू नये.

३. दोघादोघांनी मिळून एकाच आजी किंवा आजोबांजवळ बसावे, आपले नाव सांगून त्यांचे विचारावे आणि कमी ऐकू येत असल्यास समोर बसून सावकाश बोलावे. तीच आठवण त्यांनी पुन्हा सांगितली, तरी मध्येच तोडू नये. फळे वाटून लगेच निघणे ही सेवा नव्हे, असे मला मनापासून वाटते. गरिबांची सेवा करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे एक संस्थापक फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये मित्रांसह गरिबांच्या घरी जाणे सुरू केले, तेव्हा तेही अवघ्या २० वर्षांचे विद्यार्थीच होते.

४. तेथे इतर धर्मांचे लोकही राहतात, त्यामुळे कोणी विनंती केली तरच त्यांच्यासोबत प्रार्थना करावी.

सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये; त्यांनी मोठ्या अक्षरांत पत्र लिहून मित्रांसोबत पाठवावे.