तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर काकूंस

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र.

ऑगस्टातली ती दुपार तुम्हाला आठवत असेलच. बाहेर कोथरूडचा तो चिवट, न थांबणारा पाऊस. हिला फ्लू, १०३ ताप. आई ७४ वर्षांची, त्यात दमा. लेक दुसरीतली, तिला हिच्या कुशीत जायचं होतं. आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा फिनेल टाकून फरशी पुसत होतो. तुम्ही दारात चपला काढता काढता विचारलंत, "फरशी चाटतं का रे कोणी तुमच्याकडे?"

माझा पुढचा पराक्रम मोरीत मांडलेला होता. ब्लीचच्या बादलीत संडास धुण्याचं ॲसिड ओतायचं. दोन्हींनी जंतू मरतात, तर एकत्र दुप्पट मरतील असा हिशेब. तुम्ही बाटली हिसकावलीत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि घरात दम्याचं माणूस आहे, हे इतक्या शांतपणे सांगितलंत की भीती मला रात्री वाटली.

मग तुम्ही मला दाराबाहेर उभं केलंत. "आता ऑफिसातून आल्यासारखा आत ये आणि पाणी पी." मी आलो, प्यायलो. तुम्ही बोटं मोजत होतात. कडी, दिव्याचं बटण, पंख्याचं बटण, खुर्चीची पाठ, फ्रीजचं हँडल, बाटली, भांडं, खिशातला मोबाईल आणि शेवटी स्वतःचं नाक. नऊ. यातलं एकही ठिकाण मी त्या दिवशी पुसलं नव्हतं. कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापडावर त्याहून कमी, हे तेव्हा कळलं. टीव्हीचा रिमोट तर आमच्याकडे आणल्यापासून कोणी पुसलेला नव्हता. तो काळा नव्हे, करडा आहे, हेही त्याच दिवशी कळलं.

आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, मग ब्लीच. लिटरभर पाण्यात चार चहाचे चमचे, रोज ताजं, आणि लावल्यावर काही मिनिटं ओलं राहू द्यायचं. मी लगेच कोरडं करत होतो, म्हणजे सगळी मेहनत फुकट. ब्लीचच्या वेळी आई गॅलरीत, खिडक्या उघड्या. "पाऊस आत आला तर पुसता येतो," म्हणालात. रोग्याच्या खोकल्यातले तुषार बंद खोलीत साठतात, ते फडक्याने पुसता येत नाहीत. आईची ऊद-ओव्याची धुरी मात्र तुम्ही कशी बंद केलीत ते मला अजून समजलेलं नाही. मी वीस वर्षं प्रयत्न करतोय.

पण मोठी मदत वेगळीच होती. तुम्ही आमच्या आतल्या खोलीतून सामान काढलंत. खाटेवरचा चादरींचा ढीग, खेळणी, महिन्याभराची वर्तमानपत्रं, न लागणाऱ्या बरण्या. वस्तू जितक्या जास्त तितके हात जास्त आणि पुसणं जास्त, असं तुमचं म्हणणं. उरलं काय, तर तुमच्या घरून आलेलं स्टूल, त्यावर थर्मामीटर, तांब्या-भांडं, आणि खाली झाकणाचा डबा. हिचा टॉवेल वेगळ्या खुंटीला. ताट-वाटी निराळी ठेवायला मी निघालो, तर "साबणाने धू, तेवढं पुरे." चादरी न झटकता तशाच मशिनमध्ये. वाळायचा प्रश्न पावसाने केलाच. दोन दिवस पंख्याखाली, मग इस्त्री.

धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना आठवडाभर येऊ देऊ नकोस, आणि पगार कापू नकोस, हेही तुम्हीच बजावलंत. दुसरं वाक्य तुम्ही जरा जोरात म्हणालात. कानात बसलंय.

रात्री चहा पिताना तुम्ही २००९ चा विषय काढलात. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा मी कॉलेजात होतो. आईने रुमालात कापूर-वेलदोडा बांधून दिला होता. तुम्ही तेव्हा नायडूत, म्हणजे पुण्याच्या साथरोगांच्या रुग्णालयात, ड्यूटीवर. "लोक गोळी मागायचे. हात धुवा म्हटलं की फसवल्यासारखं बघायचे." एवढंच बोललात आणि कप स्वतः विसळून ठेवलात.

ही सहाव्या दिवशी उठून बसली. आईला आणि लेकीला काही झालं नाही. यात नशिबाचा वाटा असेलच, तुमचा किती हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. आईने फ्लूची लस घेतली आहे, आता दरवर्षी घेईन म्हणते. विषाणू बदलतो म्हणून दरवर्षी, हे ती शेजारणींना तुमच्या आवाजात सांगते.

स्टूल अजून आमच्याकडेच आहे, रविवारी आणून देतो. आणि एक कबुली. बाटली हिसकावताना बादली हिंदकळली आणि तुमच्या जांभळ्या साडीच्या काठाजवळ ब्लीच उडालं. तो पांढरा डाग मी तेव्हाच पाहिला होता, बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत. परवा गणपतीच्या आरतीला तुम्ही तीच साडी नेसला होतात, डाग निऱ्यांत घालून.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा