वाइंड अप

सोलापूर

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घुश्शात होतास. हापिसातल्या त्या गोऱ्यानं सांगितलं, सोमवारी सगळ्यांनी टाय लावून यायचं. तू एकटाच टाय लावून गेलास आणि वर तो म्हणाला, ‘आय वॉज ओन्ली वाइंडिंग यू अप.’ अण्णा, हा अपमान झाला का, असं तू विचारलंस.

अरे, त्यानं तुझी फिरकी घेतली! वाइंड म्हणजे गुंडाळणं, आणि फिरकीवर मांजाही गुंडाळलाच जातो. घड्याळाला चावी देणं, तेही वाइंड अपच. पण इथं ‘चावी मारली’ म्हणू नको. चावी मारणारा एकाला दुसऱ्याच्या अंगावर सोडतो; हा फक्त तू कसा चिडतोस ते बघत होता. आपल्या ‘काय बे’ला पुण्याचा माणूस बिथरतो, तसं तुझं झालं. हा अर्थ ब्रिटिश बोलीतला, अमेरिकेत फारसा चालत नाही.

उच्चार सांभाळ. वाऱ्याचा विंड वेगळा. भूतकाळ वाउंड, आणि त्याच स्पेलिंगचा वूंड म्हणजे जखम. असली भाषा!

मला हा शब्द मिलनं शिकवला. वाइंडिंग खात्यात कांड्या भरताना सूत सैल राहिलं तर गुंता, जास्त ताणलं तर तटकन तुटायचं. एक दिवस गेटवर इंग्रजी नोटीस लागली, त्यात ‘वाइंडिंग अप’. आम्हाला वाटलं, आमचं खातं वरच्या मजल्यावर नेणार. जिन्यावरनं सूत कसं चढवायचं यावर जेवणाच्या सुट्टीत वादही झाला. मग कारकुनानं सांगितलं, कंपनीच गाशा गुंडाळतेय. त्या दिवशी कुणी डबा संपवला नाही.

१८७७ साली जुनी मिल निघाली, तेव्हापासून आपलं गाव सुतावर जगलं. तुला गिरणीपासून लांब ठेवायचं म्हणून शिकवलं, तर तू लीड्सला, लोकरीच्या जुन्या गिरण्यांच्या गावात ‘वाउंड अप’ झालास. फिरून फिरून शेवटी कुठंतरी पोचणं, हा आणखी एक अर्थ.

तो रोजच असं करायला लागला, तर मात्र हसून सोडू नको. ‘स्टॉप वाइंडिंग मी अप’, एवढं शांतपणे म्हण.

आईनं शेंगाचटणी पार्सल केलीय. त्या गोऱ्यालाही चमचाभर दे. अजिबात तिखट नाही म्हणून सांग.

तुझा,
अण्णा