गारपिटीला छाटणी म्हणू नका

मा. संपादक, स.न.

गारपीट झाली की द्राक्षपट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून एक उपदेश हमखास होतो. बायबलमधला योहान 15 काढायचा, खऱ्या द्राक्षवेलाचा दाखला (येशू वेल, शिष्य फाटे, देव माळी) वाचायचा आणि समोर बसलेल्या कुटुंबाला सांगायचे, "देव तुमची छाटणी करतोय." सांगणाऱ्याच्या मनात सांत्वनच असते. पण ज्याने हातात कात्री धरली आहे, त्याला हे बोलणे लागते. गार छाटत नाही, ती झोडपते. पिकलेली काडी आणि कोवळा फुटवा तिला सारखेच.

छाटणीत प्रत्येक काप मोजून घ्यावा लागतो. आपल्याकडे वर्षात ती दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी: ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या वाढवलेल्या जाड फांदीवर, एखादा डोळा (कळी) राखून बाकी सगळी काडी काढतात. बाग उघडी पडते, कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकते, अनोळखी माणसाला वाटावे की वेल संपली. या फुटीवर द्राक्ष धरायचेच नसते, ती फक्त काडी तयार करण्यासाठी. सातव्या पानाच्या आसपास शेंडा खुडून सबकेन, म्हणजे बाजूची उपकाडी, काढतात. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत, भर उन्हात, त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाची सूक्ष्म निर्मिती होते. बाहेरून काही दिसत नाही. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरच कळते. घड दिसतो तो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या दुसऱ्या छाटणीनंतर.

यात बिघडते कुठे? नत्र आणि पाणी जास्त झाले की वेल माजते, पानांची गर्दी होते, डोळ्यांवर ऊन पोचत नाही आणि घड धरत नाही. लाड जास्त झाल्याने वेल वांझ राहते, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. आणि कात्री लागते ती फळ देणाऱ्या फाट्याला, हे तर योहान 15:2 मध्ये स्पष्टच आहे. तिथे मूळ ग्रीक क्रियापद 'स्वच्छ करणे' या अर्थाचे आहे आणि पुढच्याच ओवीत शिष्यांना 'शुद्ध' म्हटले आहे, तो शब्दही त्याच धातूचा. त्या कापात शिक्षेचा भाव कुठेच नाही.

मग गारपिटीच्या घरी काय वाचावे? बायबलमधलाच लूक 13. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती काय, या प्रश्नाला प्रभू येशूने "नाही" असे उत्तर दिले आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे बोलावले. त्याला लागूनच अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. गारपिटीनंतर बागेत नेमके हेच करायचे असते. मोडलेली काडी जखमेच्या खाली कापायची, फुटलेले घड बागेबाहेर न्यायचे, जखमांतून बुरशी शिरण्याआधी फवारणी उरकायची, मंडपाच्या तारा पुन्हा ताणायच्या. पहिले दोन-तीन दिवस हाताशी माणसे नसली तर उरलेलेही सडते. मंडळीतल्या दहा तरुणांनी एक दिवस दिला तरी त्या कुटुंबाचा मजुरीचा मोठा भार हलका होतो.

योहान 15 चा उपदेश करायचाच तर दुःखभोग सप्ताहाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, आसपास करावा. तेव्हा बागांतून खरड छाटणी चालू असते. नुकतीच कापलेली, टोकाला थेंब असलेली काडी वेदीजवळ ठेवावी आणि घड कुठल्या महिन्यात तयार होतो हे पाळकांनी मंडळीतल्या बागायतदारालाच उठून सांगायला लावावे.

आपला,
एक वाचक, नाशिक जिल्हा