सुई टोचून झाली आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, हे बाबांकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा लावून स्वतः वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला रडली असतीस, मग मीही.

मंगळवारी माझी गर्भजलाची तपासणी झाली. तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर ‘नको’ म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडणं मला अजून जमत नाही. सोनोग्राफीत बघत बारीक सुई घालतात, दोन मिनिटांत उरकतं. गर्भाला धोका दोनशेत एक, किंवा त्याहून कमीच. बाळ हलताना दिसलं. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देताहेत.

बाराव्या आठवड्यातल्या डबल मार्कर या रक्ताच्या चाचणीचा आकडा आला ८० त एक. म्हणजे अशा ८० जणींपैकी ७९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. पण रात्री तीनला ते ७९ काही आठवत नाहीत. चाळिशीत शंभरात एक असतं, आणि मी ३७ ची. एनआयपीटी ही दुसरी चाचणी नुसत्या माझ्या रक्तावर होते, खात्रीचीही बरीच, तरी तीही शक्यताच सांगते. मला हो की नाही हवं होतं.

आणि दिगूमामा. तू बोलली नाहीस, पण डोहाळजेवणाचा विषय टाळतेस ते कळतं गं. डॉक्टरांना मामाच्या डाउन सिंड्रोमचं सांगितलं. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, आणि बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीज तयार होतानाच होते, घराण्यातून येत नाही. शंभरात तीन-चारदा वेगळा, घराण्यातून येऊ शकणारा प्रकार असतो, तोही यात दिसेल. आजीनं ग्रहणात विळी धरली म्हणून काही झालं नव्हतं. हे तिला कुणी सांगायला हवं होतं.

मामा शाळेतून न्यायला यायचा, माझी बोरं त्याच्या खिशात. एकदा मैत्रिणींसमोर मी त्याला ओळखच दाखवली नाही. तुला कधी सांगितलं नव्हतं.

रिपोर्टला तीन आठवडे लागतील. काय ठरवू ते मलाच ठाऊक नाही, तोवर विचारू नका. मुलगा-मुलगी सांगायला कायद्यानं बंदी आहे, हे आत्याला आधीच सांगून ठेवा. बाकी तिला काही सांगू नका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच. आई, नवस बोललीच असशील, पण अनवाणी जायचं नाही, गुडघा बघ आधी.

मेतकूट संपलंय. दादा येईल त्याच्याकडे दे, जरा जास्तच.

तुमची,
चिमी