राघोबादादांची पागा

नाशिक
अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार

ति. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई दोन वाक्यांनंतर "जेवलीस का?" वर येते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. सोबत मोडीतल्या एका कागदाची झेरॉक्स आहे. ती बाबांसाठी. काय ते पुढे येईलच.

तर आमच्या बारच्या मालकांना नव्या मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर इमारतीचा इतिहास छापायचा आहे आणि तो मी लिहावा असं त्यांचं म्हणणं. ड्रिंक्स मीच बसवते, मराठी माझं बरं, वर भूमी अभिलेखात सगळी नोकरी काढलेल्या माणसाची मुलगी. मथळा मात्र त्यांनी आधीच ठरवून ठेवलाय: 'राघोबादादांची पागा'. आनंदवली इथून जवळ आहे, तिथे राघोबादादांचा वाडा होता, आनंदीबाईंच्या नावावरून गावाला नाव पडलं, इथवर सगळं खरं. मग एवढ्या जवळ पेशव्यांचे घोडे असणारच, हा मालकांचा हिशेब. पुरावा काय, तर मागच्या भिंतीत लोखंडी कड्या आहेत!

कड्या आहेत, पण गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि त्यांच्यासमोर दगडी गव्हाण. येवल्याच्या आसपास कुठल्याही जुन्या मळ्यात दिसेल तशी दावण. तिथे बैल बांधलेले असणार. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बैलांच्या गोठ्यात कोण येईल कॉकटेल प्यायला?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

पण बाबा, तुम्ही लहानपणापासून "ऐकीव सोड, कागद दाखव" म्हणत आलात, त्यामुळे मला गप्प बसवेना. कागद हाताशी नव्हता तेव्हा घरच तपासायला घेतलं. छप्पर मंगलोरी कौलांचं. काही कौलं उतरवून पालथी केली तर बासेल मिशनच्या कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा. मालक खूश, "बघ, दीडशे वर्षांच्या वर!" पण ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल भाजल्याचं नाही. पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा कौलांवर उमटत राहिला. पहिल्या महायुद्धानंतर त्या जर्मन-स्विस मिशनचे कारखाने दुसऱ्यांच्या हाती गेले आणि नाव बदललं. म्हणजे आमची कौलं या दोन टोकांच्या मधली.

आता तुम्ही म्हणाल, कौलं काय, कधीही बदलतात, भिंतीचं बोल. बोलते. ओसरीवरच्या माळ्याला सागाच्या तुळया आहेत, पण मधली सगळ्यात लांब तुळई लाकडाची नाहीच, तो रेल्वेचा रूळ आहे. दोन्ही टोकं दगडी भिंतीत अशी बसवलेली की भिंत चढत असतानाच तो ठेवलेला असणार, नंतर खुपसलेला नाही. हे आमच्या गवंड्याने दाखवलं, माझी हुशारी नाही. रुळाच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो. तो रंगाच्या थरांखाली गेलाय, साल म्हणून '१८' एवढंच वाचता येतं. कसाऱ्याचा घाट चढून रेल्वे आली १८६५ मध्ये. राघोबादादा गेले १७८३ ला, तेही तुमच्या शेजारी कोपरगावात. ऐंशी वर्षांनी आलेल्या रुळाखाली त्यांचे घोडे कसे उभे राहणार?

आता हा मोडी कागद. घराच्या आधीच्या मालकांकडून तो जुन्या किल्ल्यांच्या डब्यात आला. आमचे मालक तो सोनेरी चौकटीत घालून दारात टांगायला निघालेत, 'पेशव्यांची सनद' म्हणून. बाबा, त्या कागदाच्या वरच्या बाजूला राणी व्हिक्टोरियाचं डोकं छापलेलं आहे! साधा स्टॅम्प पेपर आहे तो. मला मोडी येत नाही, तुम्ही शिकवायला बसवलंत तेव्हा मी अंगणात पळायची, पण खाली दोन वेगवेगळ्या हातांच्या सह्या आहेत आणि एके ठिकाणी रुपयांचा आकडा आहे एवढं दिसतं. माझा अंदाज गहाणखत किंवा वाटणीपत्र. वाटणीपत्राकडे मन जास्त जातं, कारण चौकातली भिंत.

तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. मधल्या चौकाच्या बरोबर मध्यावर एक विटांची भिंत आहे, पुरुषभर उंच. ती घराच्या मूळ बांधणीतली नाही, विटा वेगळ्या, पाया उथळ, आणि ती अशी आडवी गेलीय की ओसरीच्या एका खांबाचे दोन भाग झालेत, अर्धा इकडच्यांचा, अर्धा तिकडच्यांचा. माजघराचं एक दार बुजवून त्याचा कोनाडा केलाय. पलीकडच्या बाजूला नवं दार फोडलंय, तेवढीच चौकट ओबडधोबड. दोन देवघरं, दोन चुलींच्या जागा. घरात काय झालं असेल ते कुणी सांगायला नको. फक्त आड एकच आहे, भिंत बरोबर त्याच्या काठावर येऊन थांबते. पाण्यापुरतं भाऊ-भाऊ एका रहाटाला आले असणार.

मालकांना ही भिंत पाडायची आहे. चार टेबलं जास्त बसतील, आणि हिशेबाने त्यांचं बरोबरही आहे. नव्या चुन्याच्या गिलाव्यातच त्यांचा बराच पैसा गेलाय. मधल्या काळातल्या भाडेकरूने भिंतींना सिमेंट थापलं होतं. आतली ओल बाहेर पडेना, दगडामधली माती भुसभुशीत झालेली. ते सगळं खरवडून, महिनाभर भिजवलेला चुना, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून गिलावा केला. आता भिंती कोरड्या आहेत. बर्फाचं मशीन मात्र मी माळ्यावर चढवू दिलं नाही. तेवढं वजन आणि सतत ठिबकणारं पाणी सागाला सोसणार नाही. ते मागच्या पडवीत जमिनीवर आहे. धान्याच्या बळदात वाइन ठेवतो. जाड भिंतीमुळे तिथे उन्हाळ्यातही हवा फारशी तापत नाही, आणि वाइनला तापमान वरखाली झालेलं चालत नाही.

आई, आता तुझ्यासाठी थोडं. येवल्यात कुणी विचारलं की तुम्ही "हॉटेल लाइनला आहे" एवढंच सांगता, मला ठाऊक आहे. तसंच सांगत जा, माझं काही म्हणणं नाही. पण मी दिवसभर काय करते ते तुला तरी कळावं. संध्याकाळी पाचपर्यंत माझं काम स्वयंपाकघरातलंच असतं: चिरणं, उकळणं, गाळणं. दूध नासलं की तू हळहळतेस, मी ते मुद्दाम नासवते. चहाचा कडक अर्क, रम, गूळ आणि लिंबाचा रस एकत्र करून दुधात ओतायचं. दूध फाटतं. मग मलमलच्या कापडातून ते थेंबथेंब गाळत बसायचं, कधी रात्रभर. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा धरून ठेवतात आणि चोथ्याबरोबर वरच राहतात. खाली उतरतं ते फिक्या मधाच्या रंगाचं, आरपार नितळ. दिसत नाही त्या दुधाचा गुळगुळीतपणा जिभेला लागतो. तू म्हणशील दूध आणि लिंबू, विरुद्ध आहार! इंग्लंडात ही कृती १७११ सालची लिहिलेली सापडते. आणि दारू, लिंबू, साखर, पाणी नि मसाला मिसळून पिण्याची मुळातली रीत ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी सतराव्या शतकात आपल्याकडूनच तिकडे नेली, त्यामुळे दोष द्यायचाच तर आपल्याच वाट्याला थोडा येईल.

दुसरं एक मला स्वतःला फार आवडतं. द्राक्षाच्या घडांची विरळणी करताना कात्रीने कोवळे हिरवे मणी खाली पाडतात ना, बागेत त्यांचा नुसता सडा पडतो. ते मणी दाबून रस काढला तर लिंबापेक्षा मऊ आंबटपणा मिळतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जी विरळणी होते तेव्हाच तो मिळतो, मग गोठवून वर्षभर पुरवायचा. फवारणीची भीती होती म्हणून बागायतदाराकडे आधी फवारणीची वही मागितली. निर्यातीचा माल करणारे ती चोख ठेवतात. तो जरा चकित झाला, पण वही आणून दाखवली. त्या रसात जिन, थोडी साखर आणि भरपूर बर्फ घालून हलवते. बर्फाचंही गणित असतं. शेकरमध्ये हलवताना बर्फ वितळून ड्रिंकमध्ये चांगलंच पाणी शिरतं आणि ते शिरायलाच हवं, नाहीतर नुसती आग. मात्र ग्लासात एकच मोठा खडा टाकायचा, कारण बारीक चुरा लगेच विरघळतो आणि शेवटचे घोट फिके लागतात.

सुरगाणा-पेठकडची मोहाची फुलं आणून त्यांचा पाक करते. नुसता पाक, त्यात दारू नाही. वासाला मात्र थेट जंगल. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद पाडून गाळण्याचा धंदा सरकारी मक्त्यात नेला, तेव्हापासून मोहाची बदनामी जास्त आणि कौतुक कमी. परदेशी नावाची बाटली कपाटात मिरवते आणि आपल्या डोंगरातलं फूल गुन्हेगार, हे मला पटत नाही. आणि मेनूवर एक बिनदारूचंही आहे: कैरी निखाऱ्यावर भाजून तुझ्या पद्धतीचं पन्हं, वर सोडा. ड्रायव्हिंग करणारे आणि सुना सासूबाईंना घेऊन आल्या की तेच मागवतात. त्या पन्ह्यावर बारच्या पोरांनी पैज लावली होती की चालणार नाही. हरले.

तुमच्या मनातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: होय, एखादा जास्त पितो, आवाज चढवतो. मग त्याला जेवण देतो, पाणी देतो, पुढचा पेग देत नाही, गाडी बोलावून बसवून देतो. जिगर नावाचं छोटं माप असतं, एका बाजूला ३० मिली, दुसऱ्या बाजूला ६०. हाताच्या अंदाजाने आमच्याकडे काही ओतलं जात नाही. पंचविशीच्या आतल्यांना दारू नाही, एकविशीच्या आतल्यांना वाइन-बिअरसुद्धा नाही. बाबा, १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, त्यामुळे पिणाऱ्याला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा आणि चक्क तहहयातसुद्धा. सरकार माणसाला आजन्म पिण्याचा दाखला देतं, हे तुमच्या ऑफिसातल्या मंडळींना नक्की सांगा. आणि आषाढी एकादशीला आईबरोबर आमच्या बारचाही उपास असतो, ड्राय डे!

मेनूसाठी मी लिहिलेला मजकूर असा आहे: 'हे घर मळ्यात राबणाऱ्या एका कुटुंबाने रेल्वे आल्यानंतर बांधलं. मागे बैल बांधत, बळदात धान्य भरत. पुढे घराची वाटणी झाली. चौकातली भिंत तेव्हाची. आड मात्र दोन्ही घरांचा राहिला.' मालकांनी वाचलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वाटणीचं खरं निघालं तर भिंत ठेवू. नुसत्या तुझ्या तर्कावर चार टेबलं सोडणार नाही." मला हे रास्त वाटलं. त्यांच्या जागी बाबा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

म्हणून बाबा, दोन कामं. पहिलं, झेरॉक्स भिंगाखाली धरून वाचा. सगळं लागलं नाही तरी चालेल. साल, दोन्ही नावं आणि कागद कशाचा आहे, एवढं हवंय. दुसरं, जुना सर्व्हे नंबर मी झेरॉक्सच्या मागे पेन्सिलने लिहिलाय. वाटणी झाली असेल तर तिचा फेरफार कुठल्या नोंदवहीत सापडेल आणि अर्ज कसा करायचा ते लिहून कळवा. नाशिकच्या ऑफिसात रांगेत मी उभी राहीन, पण काय मागायचं हे माहीत नसलं की खिडकीवरचा माणूस पुढच्या आठवड्यात या म्हणतो, हे तुम्हीच मला सांगितलंय.

आणि एकदा दोघं या. संध्याकाळी नको, दुपारी तीनला, बार उघडायच्या आधी. तेव्हा तिथे गवंडी, मी आणि मांजर एवढेच असतो. येवल्याहून सकाळची एसटी धरलीत तर माझ्याकडे जेवून जाऊ. आईचे गुडघे बघता माळ्यावर चढायला नको, ओसरी आणि चौक खालीच आहेत. बाबांना रुळाची टोकं दाखवायची आहेत. ती मूळची नाहीत असं त्यांना वाटलं तर तेही मला आत्ताच कळलेलं बरं, छापून झाल्यावर नको.

मेनू छापायला जायचाय आणि भिंतीचं जे काही ठरेल ते पावसाच्या आत करावं लागेल. त्यामुळे उत्तर पोस्टाने पाठवू नका, शेजारच्या मुलाला फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमची,
धाकटी